अरब देशांत लोकशाही नेमकी कुठे अडते?

८ डिसेंबर २०२४ च्या पहाटे बशर अल-असद दमास्कसमधून पळाले आणि सीरियातली बाप-लेकाची ५४ वर्षांची सत्ता संपली. त्यांच्या जागी अहमद अल-शरा आले. एकेकाळी ते अल-कायदाच्या सीरियातल्या शाखेचे म्होरके होते आणि अमेरिकेने त्यांच्यावर एक कोटी डॉलरचं इनाम लावलं होतं. वर्ष भरायच्या आत, नोव्हेंबर २०२५ मध्ये, तेच सूट घालून व्हाइट हाउसमध्ये पाहुणे म्हणून गेले.

तेव्हापासून ओळखीचे लोक मला तीन प्रश्न विचारतात. आता तिथे तालिबानी राज्य येणार का? २०११ साली अरब देशांत रस्त्यावर उतरलेल्या एवढ्या तरुणांनी शेवटी काय मिळवलं? आणि तिसरा, जरा दबक्या आवाजात येणारा: मुसलमान देशांत लोकशाही टिकतच नाही, हे खरं ना?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर दिलं की पहिल्या दोघांची उत्तरं आपोआप सोपी होतात. मला वाटतं, आपण धर्माकडे फार लवकर पोचतो. त्याआधी पाहायला हवं की त्या देशातली राज्यसंस्था कुणी बांधली, तिचा खर्च कुठून चालतो आणि दांडका कुणाच्या हातात आहे. ही तीन उत्तरं हाताशी असली की धर्माच्या नावाने चालणारं राजकारण कुठून आलं आणि कुठे अडलं हे बरंच उलगडतं.

## आधी थोडे शब्द

आपल्या गृहनिर्माण सोसायटीचं उदाहरण घेऊ. इमारत, जिना, पाण्याची टाकी, वायरिंग ही झाली राज्यसंस्था. म्हणजे न्यायालयं, महसूल खातं, पोलिस, शाळा, सैन्य. सोसायटीत प्रत्यक्षात कुणाचं चालतं, किल्ल्या आणि हिशेबाच्या वह्या कुणाकडे असतात, ही झाली राजवट. आणि यंदाचे चेअरमन-सेक्रेटरी म्हणजे सरकार.

निवडणुकीत सरकार बदलतं. उठावात राजवट बदलू शकते. इमारतच कोसळली तर मात्र चेअरमन कितीही भला असो, उपयोग नाही. लिबियात २०११ साली गद्दाफी गेले तेव्हा कळलं की चार दशकांत त्यांनी राजवट उभी केली होती, इमारत बांधलीच नव्हती. अजूनही तिथे दोन ठिकाणांहून कारभार चालतो.

राजकीय इस्लाम हा शब्दही एकदा स्पष्ट करू. इस्लाम हा धर्म आहे. कायदा, कारभार आणि सार्वजनिक जीवन त्या धर्माच्या तत्त्वांवर चालावं असा आग्रह धरणाऱ्या पक्षांचं आणि संघटनांचं राजकारण म्हणजे राजकीय इस्लाम. त्यात मतपेटीतून येऊ पाहणारे आहेत, राजाच्या पदरी सुखाने राहणारे आहेत आणि बंदूक उचलणारेही आहेत. पाच वेळा नमाज पढणारा दुकानदार त्यात येतोच असं नाही. त्याचं मत एखाद्या समाजवादी पक्षालाही असू शकतं.

## इमारत बांधली कुणी?

पहिल्या महायुद्धापर्यंत आजचे बरेच अरब देश ऑटोमन साम्राज्याचे प्रांत होते. १९१६ मध्ये ब्रिटन आणि फ्रान्सने सायक्स-पिको नावाचा गुप्त करार करून ते आपसात वाटून घ्यायचं ठरवलं. इथे आपला संबंध येतो, आणि तो आपल्याला फारसा माहीत नसतो. नोव्हेंबर १९१४ मध्ये इराकच्या दक्षिण टोकाला उतरून बसरा घेणारी फौज भारतीय सैन्याची होती, तिचं नाव सहावी पूना डिव्हिजन. तिच्यात मराठा पलटणी होत्या. बगदादच्या दिशेने सरकलेली ही फौज कूत या गावात वेढ्यात सापडली आणि उपासमारीनंतर २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३ हजार जणांनी शरणागती पत्करली. सातारा-रत्नागिरीकडची कितीतरी पोरं त्या वाळवंटातल्या चालीत आणि कैदेत मेली. पुढे इराकमध्ये १९३२ पर्यंत भारतीय रुपया चालत होता.

त्या युद्धातून इराक कसा तयार झाला? मोसुल, बगदाद आणि बसरा हे तीन ऑटोमन प्रांत जोडून. शेजारशेजारच्या तीन चाळी पाडल्या नाहीत, फक्त बाहेरून एकच रंग मारून एक पाटी लावली, तसं. १९२१ मध्ये ब्रिटिशांनी गादीवर बसवलेला फैसल हा मक्केच्या शरीफाचा (तिथल्या परंपरागत कारभाऱ्याचा) मुलगा. आदल्या वर्षी तो दमास्कसचा राजा झाला होता, पण फ्रेंचांनी त्याला चार महिन्यांत हाकलून दिलं होतं. एका देशातून काढलेला राजा दुसऱ्या देशाला मिळाला.

सीरियात फ्रेंचांनी दमास्कस, अलेप्पो, अलवींचा प्रदेश, द्रूझ या दुसऱ्या अल्पसंख्य पंथाचा डोंगर अशी वेगवेगळी राज्यं केली, लेबनॉन अलग केला आणि स्थानिक पलटणींत अल्पसंख्याकांची भरती हात सैल सोडून केली. अलवी हा सीरियातला डोंगराळ भागातला, गरीब, अल्पसंख्य पंथ. त्यांच्या पोरांना वर जायला सैन्य हाच जिना होता. १९७० मध्ये बशर यांचे वडील हाफिज अल-असद, हे अलवी हवाईदल अधिकारी, त्या जिन्यानेच वर पोचले.

मात्र "सीमा नकाशावर पट्टीने आखल्या म्हणून सगळं बिघडलं" हे स्पष्टीकरण मी अर्धवटच मानतो. इजिप्तला कुणी पट्टीने आखलेलं नाही. नाईलच्या काठावर हजारो वर्षं एकच राज्य नांदलंय, आणि १८०५ पासून मुहम्मद अलीने तिथे आधुनिक सैन्य, करवसुली आणि शाळा उभ्या केल्या. ट्युनिशियातही १७०५ पासून एकाच घराण्याचे बे, म्हणजे तिथले सुभेदार, राज्य करत होते. तिथे १८४६ मध्ये गुलामगिरी बंद झाली, आणि १८६१ मध्ये अरब जगातलं पहिलं लिखित संविधान आलं. या दोन इमारती जुन्या आणि पक्क्या होत्या. तरीही २०११ नंतर दोघींची गत वेगवेगळी झाली. म्हणून मी पुढे याच दोघींपाशी जास्त रेंगाळणार आहे.

## मशिदीतून राजकारण का निघालं?

१९२८. इजिप्तमधलं, सुएझ कालव्याच्या काठावरचं इस्माइलिया गाव. कालवा कंपनीच्या युरोपियन अधिकाऱ्यांचे बंगले एकीकडे, मजुरांच्या वस्त्या दुसरीकडे. तिथल्या शाळेत हसन अल-बन्ना नावाचा बाविशीच्या आतबाहेरचा शिक्षक होता. त्याने काही मजुरांना घेऊन मुस्लिम ब्रदरहूड ही संघटना सुरू केली. धर्मशिक्षण, रात्रशाळा, दवाखाना, व्यायाम. वीस वर्षांत ती देशभर पसरली. तिचा एक गुप्त सशस्त्र विभागही होता आणि त्याने हत्या केल्या, हे विसरून चालणार नाही. १९४९ मध्ये बन्नांची स्वतःचीही हत्या झाली.

१९५२ मध्ये सैन्याने राजाला घालवलं. सैन्यातले गमाल अब्देल नासर सत्तेवर आले, आणि १९५४ मध्ये त्यांच्यावर गोळीबार झाल्यावर ब्रदरहूडवर बंदी आली, हजारो लोक तुरुंगात गेले. लक्षात घ्या, बंदी एकट्या ब्रदरहूडवर नव्हती. सगळे पक्ष आधीच बरखास्त झाले होते, कामगार संघटना सरकारच्या ताब्यात गेल्या, वर्तमानपत्रांचं राष्ट्रीयीकरण झालं. इतर अरब देशांतही थोड्याफार फरकाने हेच झालं आणि प्रत्येक ठिकाणी मुखाबरात, म्हणजे गुप्तहेर पोलिस, वाढत गेले. सीरियात १९६३ ते २०११ सलग आणीबाणीचा कायदा होता. ४८ वर्षं! आपण १९७५ ची एकवीस महिन्यांची आणीबाणी अजून विसरलेलो नाही.

अशा देशात माणसं जमणार कुठे? पक्षाची कचेरी बंद, युनियनची बंद, कॉलेजात खबरे. एकच दार असं होतं की ते बंद करायची हिंमत कुठल्याही हुकूमशहाला होत नव्हती: मशिदीचं. शुक्रवारी तिथे हजारो लोक जमायचे आणि त्यासाठी पोलिसांची परवानगी लागत नव्हती. १९६७ मध्ये इस्रायलने सहा दिवसांत अरब सैन्यांचा धुव्वा उडवला, तेव्हा नासरांच्या अरब राष्ट्रवादाची झिंग उतरली. रिकाम्या झालेल्या जागेत धर्माची भाषा शिरली. सौदी तेलाच्या पैशाने कडव्या विचारांचा प्रसारही झाला.

आणि सेवा होती. १२ ऑक्टोबर १९९२ ला कैरोत भूकंप झाला. सरकारी यंत्रणा चाचपडत असताना ब्रदरहूडच्या प्रभावाखालच्या डॉक्टर आणि इंजिनिअरांच्या संघटनांनी तंबू, औषधं, ब्लँकेटं पोचवली. ज्या बाईच्या पोराला रात्री दोन वाजता त्या तंबूत औषध मिळालं, ती मतदानाची संधी मिळाल्यावर कुणाला आठवेल? तिला आधी धर्मराज्याचा सिद्धांत पटला असेल, मग मत दिलं असेल, असं मानायचं कारण नाही.

## गच्चीवरचा टॉवर

आखाती देशांचं गणित वेगळं आहे. आपल्याकडच्या हजारो घरांतलं कुणी ना कुणी दुबई, मस्कत, कुवेतला काम करतं, म्हणून ते थोडक्यात सांगतो. एखाद्या सोसायटीच्या गच्चीवर मोबाइलचा टॉवर आहे आणि त्याच्या भाड्यात सगळा मेंटेनन्स भागतो, उलट दिवाळीला प्रत्येक सभासदाला पाकीट मिळतं, असं समजा. सर्वसाधारण सभेला कोण येणार? हिशेब कोण मागणार? तेलाच्या उत्पन्नावर चालणाऱ्या राज्याचं असंच होतं. राजाला प्रजेच्या कराची गरज नसते, त्यामुळे प्रजेच्या संमतीचीही फारशी गरज पडत नाही. कुवेतमध्ये निवडून येणारी आणि मंत्र्यांना धारेवर धरणारी संसद होती, हा मोठा अपवाद. तिलाही अमीरांनी मे २०२४ मध्ये स्थगित केलं.

## "हे लोक निवडून आले तर पुन्हा निवडणूक होऊ देतील का?"

हा आक्षेप गंभीर आहे.

१९९१ च्या डिसेंबरात अल्जीरियात पहिली मोकळी संसदीय निवडणूक झाली. पहिल्याच फेरीत इस्लामिक साल्व्हेशन फ्रंट या पक्षाने १८८ जागा घेतल्या. त्यांच्यातले काही नेते लोकशाहीला धर्मबाह्य म्हणत होते, त्यामुळे भीती निराधार नव्हती. जानेवारी १९९२ मध्ये सैन्याने दुसरी फेरी रद्द केली. पुढची जवळपास दहा वर्षं यादवी चालली आणि दीड लाखाच्या आसपास माणसं मेली. ते सत्तेवर आले असते तर काय केलं असतं, हे कधीच कळणार नाही. त्यांना रोखण्याची किंमत मात्र इतिहासात नोंदली गेली आहे.

दुसरीकडे हमासने २००६ मध्ये पॅलेस्टिनी निवडणूक जिंकली, २००७ मध्ये गाझा बळाने ताब्यात घेतलं आणि त्यानंतर तिथे संसदेची निवडणूक झालीच नाही. (पश्चिम किनाऱ्यावर त्यांच्या विरोधकांनीही ती घेतलेली नाही.) तेव्हा भीतीच्या बाजूने पुरावा आहे. तिच्या विरुद्धही आहे, आणि तो ट्युनिशियात आहे. पण आधी इजिप्त.

## इजिप्त: वॉचमनच्या नावावरची दुकानं

२५ जानेवारी २०११ ला कैरोच्या तहरीर चौकात गर्दी जमली आणि ११ फेब्रुवारीला तीस वर्षं सत्तेवर असलेले होस्नी मुबारक गेले. म्हणजे चेअरमन गेले. किल्ल्या वॉचमनकडेच, म्हणजे सैन्याकडेच, राहिल्या.

इजिप्तचं सैन्य नुसतं सीमेवर उभं राहत नाही. ते सिमेंट बनवतं, बाटलीबंद पाणी विकतं, पास्ता बनवतं, रस्त्यांची कंत्राटं घेतं. वर्षाला १.३ अब्ज डॉलरची लष्करी मदत अमेरिकेकडून येते. तळमजल्यावरची निम्मी दुकानंच वॉचमनच्या नावावर असतील, तर नवी समिती त्याचा हिशेब तपासणार म्हटल्यावर तो स्वस्थ कसा बसेल?

ब्रदरहूडच्या पक्षाला संसदेत जवळजवळ निम्म्या जागा मिळाल्या. त्यांच्याहून कडव्या सलफींना, म्हणजे सुरुवातीच्या मुसलमानांसारखं जगण्याचा आग्रह धरणाऱ्यांना, पाव जागा. जून २०१२ मध्ये न्यायालयाने ती संसदच बरखास्त केली. त्याच महिन्यात ब्रदरहूडचे मोहम्मद मुर्सी ५१.७ टक्के मतांनी राष्ट्राध्यक्ष झाले. इतक्या निसटत्या विजयाचा अर्थ उरलेल्या अर्ध्या देशाला सोबत घ्या असाच असतो. मुर्सींनी २२ नोव्हेंबर २०१२ ला फर्मान काढलं: आपल्या आदेशांना कुठल्याही न्यायालयात आव्हान देता येणार नाही. मग घाईघाईने संविधान पुढे रेटलं, ज्याच्या सार्वमताला फक्त तेहतीस टक्क्यांच्या आसपास मतदार आले. मसुदा समितीतून उदारमतवादी आणि चर्चचे प्रतिनिधी आधीच बाहेर पडले होते.

माझ्या मते इथे मुर्सींनी जे केलं ते अक्षम्य होतं, आणि त्याला धर्मापेक्षा जवळपास सहा दशकांची भूमिगत सवय जास्त कारणीभूत होती. छापे आणि तुरुंग यांतून टिकलेली संघटना आतल्या माणसाशिवाय कुणावर विश्वास ठेवायला शिकलेली नसते. सत्ता मिळाली तरी ती वेढ्यात असल्यासारखीच वागते.

पण पुढे झालं ते त्याहून कितीतरी भयंकर. ३० जून २०१३ ला लाखो लोक मुर्सींविरुद्ध रस्त्यावर आले; त्यांत २०११ च्या क्रांतीतले अनेक तरुण होते. ३ जुलैला सैन्यप्रमुख अब्देल फतह अल-सीसी यांनी सत्ता घेतली. १४ ऑगस्टला कैरोच्या राबा चौकातलं मुर्सी समर्थकांचं ठाण मोडताना सुरक्षा दलांनी एका दिवसात किमान ८१७ माणसं मारली. हा ह्यूमन राइट्स वॉचचा आकडा आहे. मुर्सी १७ जून २०१९ ला न्यायालयात कोसळून गेले. सीसी अजून आहेत, आणि २०१९ च्या घटनादुरुस्तीने त्यांना २०३० पर्यंत राहण्याची सोय झाली.

## ट्युनिशिया: ज्यांनी माघार घेतली

ट्युनिशियाची गोष्ट एका हातगाडीपासून सुरू होते. सिदी बूझिद हे आतल्या भागातलं कोरडं, मागास गाव. तिथे मोहम्मद बुअझिझी नावाचा २६ वर्षांचा तरुण भाजी-फळं विकायचा. १७ डिसेंबर २०१० ला पालिकेच्या माणसांनी त्याचा माल आणि तराजू जप्त केला. तो दाद मागायला कचेरीत गेला, कुणी भेटलं नाही. कचेरीसमोर त्याने स्वतःला पेटवून घेतलं. ४ जानेवारीला तो गेला. १४ जानेवारीला, २३ वर्षं राज्य केलेले बेन अली सौदी अरेबियात पळाले. अतिक्रमणाची गाडी आल्यावर पथारीवाल्यांची उडणारी पळापळ ज्याने पाहिली आहे, त्याला हे प्रकरण समजावून सांगावं लागत नाही.

आता इमारतीकडे पाहा. स्वातंत्र्यानंतर पहिले राष्ट्राध्यक्ष हबीब बूर्गिबांनी सैन्य मुद्दाम लहान ठेवलं, कारण शेजारीपाजारी होणारी लष्करी बंडं त्यांना दिसत होती. वॉचमनच्या हातात काठी होती, नावावर दुकानं नव्हती. दुसरं, यूजीटीटी ही १९४६ पासूनची कामगार संघटना. हुकूमशाहीने तिला वाकवलं, पण मोडता आलं नाही. गावोगाव तिच्या शाखा होत्या. तिसरं, १३ ऑगस्ट १९५६ च्या कौटुंबिक कायद्याने बहुपत्नीत्वावर बंदी आली होती आणि स्त्रियांना घटस्फोट न्यायालयातून मिळू लागला होता. दोन पिढ्या स्त्रिया या कायद्यासोबत वाढल्या होत्या.

एन्नहदा हा तिथला इस्लामी पक्ष. नेते राशिद घन्नूशी तुरुंग भोगून वीस-एक वर्षं लंडनला परागंदा होते. जानेवारी २०११ मध्ये परतले. ऑक्टोबर २०११ च्या निवडणुकीत त्यांना २१७ पैकी ८९ जागा मिळाल्या. सर्वांत मोठा पक्ष, पण बहुमत नाही. इजिप्तशी फरक सुरू होतो तो इथे, कारण त्यांना पहिल्या दिवसापासून दोन धर्मनिरपेक्ष पक्षांसोबत सरकार चालवावं लागलं.

मग वाद पेटला: संविधानात शरिया हा शब्द हवा की नको? शरिया म्हणजे कुराण आणि पैगंबरांच्या परंपरेतून काढलेली नियमपद्धती. तिच्या अर्थावर धर्मशास्त्र्यांतही एकमत नाही. पक्षाच्या अनेक कार्यकर्त्यांचं आयुष्य त्या शब्दासाठी तुरुंगात गेलं होतं. मार्च २०१२ मध्ये पक्षाने ठरवलं की तो आग्रह सोडायचा, १९५९ च्या संविधानातलं पहिलं कलमच ठेवायचं: देशाचा धर्म इस्लाम, भाषा अरबी. त्याच वर्षी मसुद्यात स्त्री ही पुरुषाला 'पूरक' असल्याचं वाक्य आलं. १३ ऑगस्टला हजारो बायका रस्त्यावर आल्या. वाक्य गेलं, समानता आली.

हे सगळं गोडीगुलाबीने झालं असं नाही. २०१३ मध्ये शुक्री बेलईद आणि मोहम्मद ब्राहमी या दोन डाव्या नेत्यांना जिहादींनी गोळ्या घातल्या. एन्नहदाने सलफी टोळक्यांकडे फार काळ कानाडोळा केला होता, आणि लोकांचा संताप रास्त होता. ब्राहमींची हत्या २५ जुलैची. त्याच महिन्यात इजिप्तमध्ये सैन्याने सत्ता घेतली होती. ट्युनिशियातही काहींनी सैन्याकडे पाहिलं. सैन्य आलं नाही. यूजीटीटीने उद्योजकांची संघटना, मानवाधिकार लीग आणि वकिलांची संघटना यांना सोबत घेऊन दोन्ही बाजूंना टेबलावर बसवलं. आयुष्यभर एकमेकांविरुद्ध उभे राहिलेले कामगार आणि मालक इथे एकत्र पंच झाले.

जानेवारी २०१४ मध्ये संविधान मंजूर झालं: बाजूने २००, विरोधात १२, तटस्थ ४. आणि निवडणुकीत पहिला आलेला एन्नहदा पराभव न होता सत्तेवरून उतरला, अपक्ष सरकारला जागा करून देत. वर्षअखेरच्या निवडणुकीत तो दुसऱ्या क्रमांकावर गेला. त्या चार संघटनांना २०१५ चं शांततेचं नोबेल मिळालं.

"एकदा आले की जात नाहीत" या आक्षेपाला मी दुसरं कुठलं उत्तर देत नाही. ते आले आणि गेले.

## मग तिथेही लोकशाही का गेली?

हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त छळतो, कारण ट्युनिशियाची लोकशाही मौलवींनी संपवली नाही आणि ती संपवायची सुरुवात सैन्यानेही केली नाही. ती संपवली घटनात्मक कायद्याच्या एका प्राध्यापकाने, जो २०१९ मध्ये ७२ टक्क्यांहून जास्त मतांनी निवडून आला होता. कैस सईद.

क्रांतीची पहिली मागणी काम आणि सन्मान ही होती. दहा वर्षांत सरकारांमागून सरकारं आली, भाव वाढले, नोकऱ्या आल्या नाहीत. सिदी बूझिदमध्ये काहीच बदललं नाही. सगळ्यांना सोबत घेण्याच्या राजकारणाची दुसरी बाजूही दिसली: एन्नहदा जुन्या राजवटीच्या माणसांशी जुळवून घेत गेला, २०१७ मध्ये जुन्या भ्रष्ट अधिकाऱ्यांना माफी देणारा कायदा झाला. मेंटेनन्स भरणाऱ्या सभासदाला नळाला पाणी हवं असतं. समितीत सगळे गट आहेत एवढ्याने त्याचं भागत नाही. २०२१ च्या उन्हाळ्यात करोनाने इस्पितळांत ऑक्सिजन संपला, तेव्हा उरलासुरला धीर सुटला.

२५ जुलै २०२१ ला सईदांनी आणीबाणीच्या कलम ८० चा आधार घेऊन पंतप्रधानांना काढलं आणि संसद गोठवली. रात्री घन्नूशी, जे सभापती होते, संसदेच्या फाटकाशी गेले. आत सैनिक होते, दार उघडलं नाही. रस्त्यांवर अनेकांनी भोंगे वाजवून आनंद साजरा केला. त्या कलमाचा अर्थ लावण्याचा आणि आणीबाणी थांबवण्याचा अधिकार संविधानाने घटनात्मक न्यायालयाला दिला होता. ते न्यायालय २०१४ नंतर वर्षभरात बनायला हवं होतं. सात वर्षांत बनलं नाही, कारण न्यायाधीश कुणाचे यावर पक्षांचं जुळेना. सामना सुरू झाला, मैदान आखलं, पंच नेमायचा राहूनच गेला. एन्नहदासह सगळ्याच पक्षांचा हा गुन्हा आहे.

२०२२ मध्ये सईदांनी स्वतःचं संविधान आणलं. त्यावर्षीच्या संसदीय निवडणुकीत मतदान झालं सुमारे ११ टक्के. एप्रिल २०२३ मध्ये ८१ वर्षांच्या घन्नूशींना अटक झाली. इस्लामी नेत्यांसोबत धर्मनिरपेक्ष नेते, वकील, पत्रकारही आत गेले. हुकूमशाहीने कुणाच्या देवाची चौकशी केली नाही.

## "पण त्या लोकांनाच लोकशाही नको असेल तर?"

इजिप्तने १९१९ मध्ये ब्रिटिशांविरुद्ध देशव्यापी उठाव केला, १९२३ मध्ये संविधान मिळवलं आणि १९२४ च्या निवडणुकीत साद झगलूल यांच्या वफ्द पक्षाला प्रचंड बहुमत दिलं. मुसलमान आणि कॉप्टिक ख्रिस्ती त्या पक्षात खांद्याला खांदा लावून होते. राजा आणि ब्रिटिश प्रतिनिधी मिळून ती संसद वारंवार मोडत राहिले, हा भाग वेगळा. सवय लोकांना होती. ती मोडण्यात आली.

आणि मुसलमान देश म्हणजे फक्त अरब देश नाहीत. जगातला सर्वांत मोठा मुस्लिम लोकसंख्येचा देश इंडोनेशिया. तिथे १९९९ पासून नियमित निवडणुका होतात, सत्ता बदलते, आणि इस्लामी पक्ष त्यात इतरांसारखेच उतरतात, हरतात, पुन्हा उतरतात. सेनेगलमध्ये मार्च २०२४ मध्ये विरोधी उमेदवार जिंकला आणि मावळत्या अध्यक्षांनी सत्ता सोपवली. धर्म तोच आहे. राज्यसंस्था, पैसा आणि दांडका यांची मांडणी वेगळी आहे.

इस्लामी पक्षांबद्दल मला शंका नाहीत असं नाही. स्त्रिया, अल्पसंख्याक, धर्म सोडू इच्छिणारा माणूस यांच्या हक्कांवर त्यांना प्रश्न विचारलेच पाहिजेत, आणि मोघम उत्तरं स्वीकारू नयेत. फक्त ते प्रश्न विचारणारं वर्तमानपत्र, न्यायालय आणि विरोधी बाक शाबूत असायला हवेत. तुरुंगात डांबलेल्या पक्षाला अवघड प्रश्नांची उत्तरं द्यावीच लागत नाहीत.

## आता सीरियाकडे पाहताना

बातमीत अल-शरांनी दाढी किती कापली आणि सूट कुठला घातला यावर खूप चर्चा असते. मी दुसऱ्या गोष्टी पाहतो.

दांडका कुणाकडे आहे? मार्च २०२५ मध्ये किनारपट्टीवर शेकडो अलवी नागरिक मारले गेले, त्यांत सरकारशी जोडलेल्या टोळ्यांचा हात होता. जुलैमध्ये द्रूझांच्या सुवैदात रक्तपात झाला. तिथे सैन्य एक आहे की एका गणवेशातल्या अनेक टोळ्या, हे अजून ठरायचं आहे.

पंच कोण? मार्च २०२५ च्या तात्पुरत्या संविधानात पाच वर्षांचा संक्रमणकाळ आहे, इस्लामी धर्मशास्त्र हा कायद्याचा मुख्य आधार आहे, आणि बातम्या तेवढ्यावर थांबतात. मी त्याच मसुद्यातली दुसरी ओळ जास्त धोक्याची मानतो: घटनात्मक न्यायालयाचे न्यायाधीश राष्ट्राध्यक्ष नेमणार. ऑक्टोबर २०२५ मध्ये संसदेची निवड झाली तीही निवडक मतदारमंडळांतून, आणि एक तृतीयांश सदस्य राष्ट्राध्यक्षांच्या मर्जीचे.

आणि पैसा. पडक्या शहरांची बांधणी आखातातल्या राजांच्या पैशाने होणार की सीरियन माणसाच्या करातून? पहिल्या वाटेने गेलं तर शहरं लवकर उभी राहतील. पण ज्याच्या खिशातून पैसे जात नाहीत, त्या दमास्कसच्या दुकानदाराला हिशेबाची वही उघडून दाखवायला नव्या राजवटीला कोण भाग पाडेल?